गाडी कोणत्या कामाला कुणाकडं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांसाठी

चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला खडखड सुरू झाली. बारीक खड्ड्यांत वाजायची, मोठ्या खड्ड्यात गप्प. एका अधिकृत वर्कशॉपनं दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म बदलायला सांगून अठरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी गाडी तशीच बाहेर काढली आणि शहापुरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं चाकामागं हात घालून एक बारीक दांडी हलवली. "लिंक रॉड गेलाय साहेब, बाकी काय नाही बघा." दोन्ही बाजूंचे रॉड आणि मजुरी मिळून सतराशे रुपये. खडखड बंद.

इथवर ऐकलं की लोक लगेच म्हणतात, शोरूमवाले लुटतातच. त्यांना मी पुढची गोष्टही सांगतो. वर्षभरानं त्याच मिस्त्रीकडं मेहुण्याची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतली) डिझेल गाडी नेली. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. त्यानं आधी डिझेल फिल्टर बदलला, मग एअर फिल्टर, मग म्हणाला इंजेक्टर काढून बघू. नऊ हजार गेले, दिवा होता तिथंच. शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र, असलेल्या ठिकाणी नेल्यावर दहा मिनिटांत कळलं की सायलेन्सरच्या बाजूचा एक प्रेशर सेन्सर खराब आहे. मिस्त्री तोच, नियतही तीच, फक्त काम त्याचं नव्हतं आणि ते त्यानं सांगितलं नाही.

तेव्हापासून "बेळगावात चांगलं गॅरेज कुठलं?" असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, काम काय आहे?

आधी घरी बसून गाडीचा हिशेब

गॅरेज शोधायला निघण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: गाडी कुठल्या महिन्यात घेतली, किती किलोमीटर झाली, वॉरंटी तारखेनं कधी संपते आणि किलोमीटरनं कधी संपते (दोन्हींत जे आधी येईल ते धरतात), विमा कुणाचा आणि झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारा) आहे का, आणि गाडी रोज कुठल्या रस्त्यानं धावते.

शेवटचा मुद्दा लोक सोडतात, पण आपल्या भागात तोच महत्त्वाचा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्या चार महिने पावसात आणि चिखलात असतात. त्यांना ब्रेक उघडून साफ करणं आणि खालून गंज बघणं वर्षातून एकदा तरी लागतंच. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्याचे ब्रेक पॅड आणि क्लच लवकर झिजतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात उसाच्या हंगामात धूळ एवढी असते की एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच काळा पडतो. आणि जो रोज टिळकवाडीतून कॅम्पात चार किलोमीटर जाऊन परत येतो त्याची गाडी कमी चालते म्हणून चांगली असते, हा गैरसमज आहे. अशा बीएस-६ डिझेल गाड्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तापतच नाही आणि तुंबतो. त्यावरचा पहिला इलाज गॅरेजात नसतो. मॅन्युअल बघा. बहुतेक गाड्यांत महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगानं चालवली की काजळी आपोआप जळते. हत्तरगीपर्यंत एक फेरी मारून या. दिवा तरीही राहिला तर मग वर्कशॉप. "डीपीएफ काढूनच टाकू" म्हणणाऱ्याकडं परत जाऊ नका, ते बेकायदा आहे.

वॉरंटीतल्या गाडीबद्दल थोडं सविस्तर. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा ठपका होता. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं तेवढ्यापुरती कंपनी नाही म्हणू शकते. पुढं प्रकरण अपिलात गेलं. कागदावर हक्क असला तरी काउंटरवर वाद घालत उभं राहायचं तुम्हालाच असतं. म्हणून माझं मत सरळ आहे: वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा, शिक्के आणि बिलं जपा. टायर, बॅटरी, अलाइनमेंट, पंक्चर, धुलाई मात्र खुशाल बाहेर.

कुठलं काम कुठं

अधिकृत वर्कशॉपकडं जायचं ते वॉरंटी, कंपनीनं परत बोलावलेल्या गाड्या, सॉफ्टवेअर, एअरबॅग, एबीएस, चावीचं कोडिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या कामांसाठी. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टच्या, वायरला दुसऱ्या कुणाला हातही लावू देऊ नका.

पाच-सात वर्षांच्या साध्या पेट्रोल किंवा जुन्या डिझेल गाडीचं ऑइल, ब्रेक, क्लच, सस्पेंशन, बेअरिंग, रेडिएटर हे सगळं चांगल्या मिस्त्रीकडं निम्म्या मजुरीत आणि बहुतेक वेळा जास्त काळजीनं होतं. कारण तिथं गाडी उघडणारा आणि तुमच्याशी बोलणारा एकच असतो. वर्कशॉपमध्ये बोलतो अ‍ॅडव्हायजर आणि काम करतो आतला पोरगा, तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचतंच असं नाही.

याच्या मध्ये मल्टिब्रँड, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारे, वर्कशॉप येतात. स्कॅनर असतो, लिफ्ट असते, पक्कं बिल मिळतं. पण पाटी देशभर एकच असली तरी प्रत्येक ठिकाणचा मालक वेगळा, त्यामुळं पुण्यातला अनुभव इथं लागू धरू नका.

चौथा प्रकार म्हणजे एकेका कामाचे कारागीर: एसीवाला, सेल्फ-डायनामोवाला, टिंकर-पेंटर, पंप-इंजेक्टरवाला, अलाइनमेंटवाला, लेथवाला. मिस्त्री यांच्याकडंच तुमचं काम पाठवतो आणि मध्ये आपलं काहीतरी ठेवतो. ते गैर नाही, पळापळ त्याची असते. पण एसीसारखं सुटं काम असेल तर थेट गेलेलं बरं.

लेथवरून आठवलं. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव. उद्यमबागेत हव्या त्या मापाचा बुश कातून मिळतो आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. तुटलेला ब्रॅकेट, इंजिन हेड फेसिंग, सगळं होतं. पण स्टिअरिंगचा आणि ब्रेकचा भाग वेल्डिंग मारून किंवा कातून चालवू नका, कुणीही कितीही छातीठोक सांगो.

सीमेचा फायदा आणि त्रास

आपल्याला तीन बाजू मोकळ्या आहेत. बेळगावातून हुबळी शंभर किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याहून थोडं जास्त, चोर्लामार्गे पणजीही फार लांब नाही. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. उलट चंदगड महाराष्ट्रात असूनही तिथली माणसं गाडीच्या कामाला बेळगावातच येतात. गाडीचा नंबर केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९, कंपनीची वॉरंटी देशभर चालते आणि सर्व्हिसची नोंद चेसिस नंबरवर राहते. तेव्हा जिल्हा किंवा राज्य बघून वर्कशॉप ठरवायचं कारण नाही.

फक्त एक हिशेब करा: गाडी परत आणायला जावं लागणार असेल तर? सर्व्हिस एका दिवसात होते. गिअरबॉक्सच्या कामाला आठ दिवस लागले तर कोल्हापूरच्या चार खेपा होतात. कमी खपाच्या कंपनीची गाडी घेतली असेल तर हे आलंच. पार्टचंही तसंच. कोल्हापूरहून, हुबळीहून पार्ट बसनं किंवा ट्रान्सपोर्टनं येतो. एरवी दुसऱ्या दिवशी हातात. सीमाप्रश्न तापला आणि दोन्हीकडच्या बस सीमेवर कोगनोळीला थबकल्या की तुमचा क्लचही तिथंच थबकतो. २०२२ च्या डिसेंबरात बस बंद होत्या, २०२५ च्या फेब्रुवारीतही. अशा दिवसांत गाडी उघडून ठेवायला सांगू नका. पार्ट आल्यावरच गाडी न्या.

गाडी न नेता एकदा जाऊन या

हे कुणी करत नाही आणि यातच सगळं कळतं. शनिवारी अकराच्या सुमाराला, गाडी घरी ठेवून, गॅरेजवर जा. चहा घ्या. बघायचं ते असं: तुमच्याच मॉडेलच्या किती गाड्या उभ्या आहेत? गाडी वर उचलून खाली काय लावलंय, पक्के स्टँड की विटा-दगड? विटा असतील तर तिथून निघा, जो स्वतःच्या पोरांचा जीव असा ठेवतो तो तुमच्या गाडीचं काय बघणार. जुनं ऑइल पिंपात जातं की गटारात? चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या) आवळतात की पाय देऊन? चार महिने धूळ खाणाऱ्या, अर्धवट उघडलेल्या गाड्या किती? एखादी असतेच, मालकानं पैसे दिलेले नसतात. पाच-सहा असतील तर मिस्त्री हाती घेतो आणि सोडून देतो.

मग एक प्रश्न विचारा: "मिस्त्री, कुठलं काम तुम्ही घेत नाही?" ज्याला उत्तर सुचतं, "ऑटोमॅटिक मी उघडत नाही, एसी अमक्याकडं पाठवतो", तो माणूस धरून ठेवा. "सगळं होतंय की, आणा तुम्ही" म्हणणाऱ्याकडं फक्त ऑइल बदला.

चौकशी करायची तर वडापवाल्यांकडं, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपवाल्यांकडं, करा. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची भाकरी जाते, त्यामुळं कच्चं काम करणारा त्यांच्याकडं टिकत नाही. फक्त त्यांच्या जुन्या डिझेल जीपचा उस्ताद तुमच्या टर्बो पेट्रोलचा उस्ताद असेलच असं नाही.

पसंत पडलं तरी पहिलंच काम क्लचचं देऊ नका. ऑइल बदलणं किंवा ब्रेक साफ करणं द्या आणि शेजारी उभे राहा. मॅन्युअलमधला ऑइलचा ग्रेड आणि लिटर पाठ करून जा. लहान गाडीत तीन-साडेतीन लिटर बसतं आणि बिलावर चार लागलेले मी पाहिलेत.

तक्रार सांगायची कशी

जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, "नॉइज चेक" एवढंच लिहिलं गेलं तर तुम्हाला काहीच मिळणार नाही. अ‍ॅडव्हायजर कन्नड, हिंदी बोलणारा असला तरी आवाज कधी येतो, हे नीट सांगा आणि कार्डवर तसंच लिहून घ्या. गाडी थंड असताना की तापल्यावर, कुठल्या वेगाला, वळताना की सरळ, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर.

काही खुणा तुम्हालाच ओळखता येतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवताना टकटक आली तर बहुधा अ‍ॅक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी गुरगुर, जी एका बाजूला वळल्यावर कमी-जास्त होते, ती चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला सांगा. ब्रेक न दाबताच ऐंशी-शंभरच्या वेगाला थरथरलं तर आधी बॅलन्सिंग करा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. ब्रेकमधून बारीक किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पॅड संपत आलेत. तो आवाज मुद्दाम येतो, त्यासाठी पॅडला पत्र्याची जीभ ठेवलेली असते. पण "लिंक रॉडच बदला" असं हुकूम सोडल्यासारखं सांगू नका. ते बदलून देतील, आवाज राहील आणि जबाबदारी तुमची. लक्षण सांगा, मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा, आवाज त्याच्या कानावर घाला.

एस्टिमेट, पार्ट आणि बिल

एस्टिमेट लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. आणि एक वाक्य न विसरता: "यापेक्षा जास्त काही निघालं तर हात लावण्याआधी फोन करा, आणि जुने पार्ट मला परत पाहिजेत." जुना पार्ट हातात आला की त्याची झीज दिसते आणि मुळात तो बदलला हेही कळतं. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, मजुरीवर आधीपासूनच १८ होता. कुणी अजून २८ लावत असेल तर विचारा.

"बिल नको असेल तर जीएसटी सोडतो," हे आपल्याकडं सगळीकडं ऐकायला मिळतं. पंक्चरला ठीक आहे. क्लच, गिअरबॉक्स, इंजिनच्या कामाला पक्कं बिल घ्याच. पार्टची वॉरंटी, उद्याचा वाद आणि गाडी विकतानाचा भाव, सगळं त्या कागदावर उभं असतं.

ओरिजिनल आणि डुप्लिकेट यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, ती समजून घ्या. क्लच, बेअरिंग, शॉकअप गाडीची कंपनी बहुतेक स्वतः बनवत नाही. व्हॅलिओ, लुक, एसकेएफ, बॉश, गॅब्रिएल असे उत्पादक ते बनवतात आणि आपल्या डब्यातही विकतात. तुमच्या गाडीत मुळात ज्याचा बसलेला असतो त्याचाच त्याच्या डब्यातला घेतला तर पैसे वाचतात आणि माल तोच राहतो. डुप्लिकेट वेगळा: डब्यावर छपाई फिकट, पार्ट नंबर नाही किंवा खरवडलेला, एमआरपीचं स्टिकर वरून चिकटवलेलं. ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर आणि टायमिंग बेल्ट यांत पाचशे रुपये वाचवायला जाऊ नका. पार्ट स्वतः आणून दिला तर मिस्त्री कामाची हमी देताना कचरतो, आणि त्यात त्याचं चूक नाही. मी पार्ट त्यालाच आणायला सांगतो आणि डबा बघायला मागतो.

अधिकृत ठिकाणी काउंटरवर जोडल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, एसी सुगंधी फवारा, डॅशबोर्ड पॉलिश, पेंट कोटिंग. हे सर्व्हिसच्या वेळापत्रकात आहे का, एवढंच विचारा. नसेल तर कार्डवरून काढा. अपवाद खालून मारायच्या गंजरोधक कोटिंगचा. खानापूर-कणकुंबी भागात राहत असाल तर ते करणं मला पटतं, पण पावसाळ्याआधी आणि खालचा भाग धुऊन पूर्ण वाळल्यावर. ओल्यावर मारलं तर गंज आत कोंडतो. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदलाच, ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात तापल्यावर पेडल मऊ पडतं.

गाडी परत घेताना

संध्याकाळी सात वाजता, घाईत, अंधारात घेऊ नका. डिपस्टिक ओढून ऑइल बघा. गाडी देताना काढलेला किलोमीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो ताडून बघा. स्टेपनी, जॅक, पाना जागेवर आहेत का बघा. आवाजाची तक्रार होती तर त्याच रस्त्यावर मिस्त्रीला घेऊन जा. चाकं काढली असतील तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्या.

अपघात, पाणी आणि घाट

अपघातानंतर टोचन करून गाडी ओळखीच्या टिंकरकडं ओढून नेणं ही पहिली चूक. आधी फोटो, मग विमा कंपनीला फोन, मग कॅशलेस यादीतलं गॅरेज विचारा. सर्व्हेअरनं बघायच्या आत काहीही उघडू नका. उसाच्या ट्रॉलीला मागून घासलं आणि फक्त बंपर गेला तर हिशेब करा. क्लेम न केल्याचं बक्षीस, एनसीबी, पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातं. चार हजारांच्या क्लेमपायी ते घालवणं परवडत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टनची दांडी वाकते, आणि इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी ते नाकारते. ढकलून बाजूला घ्या, बॅटरीची वायर काढा, गाडी उचलून न्या. चोर्ला घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. विमा कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा.

काम बिघडलं तर

आधी त्याच गॅरेजला, शांतपणे, लेखी कळवा. चांगला मिस्त्री दुसऱ्यांदा मजुरी घेत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला, तिथं मराठीतही बोलता येतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्यासारख्या सीमेवरच्यांची मोठी सोय केली आहे: काम कोल्हापुरात केलं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडं, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जॉबकार्ड, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं एस्टिमेट तिथं उपयोगी पडतं.

आता वेळेबद्दल. गणपतीच्या दहा दिवसांत गॅरेजं अर्ध्या माणसांवर चालतात. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात तर प्रत्येकाला धुतलेली, पॉलिश केलेली गाडी पूजेला दारात उभी हवी असते आणि मिस्त्रीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत क्लच उघडून घेऊ नका. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, ब्रेक, वायपर आणि टायर बघून घ्या, आणि मोठं काम दिवाळी झाल्यावर काढा.